गंगोत्री यात्रा, सोलापूर प्रदेशातील

उत्तराखंड राज्याच्या उत्तरकाशी जिल्ह्यात भागीरथीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सु. ३,१०० मी. उंचीवर असलेले गंगोत्री हे गंगेच्या उगमाचे तीर्थ मानले जाते. प्रत्यक्ष उगम तेथून सु. १८ किमी. वर, गोमुख येथे हिमनदीच्या मुखाशी आहे. भीमा व सीना यांच्या खोऱ्यात सु. ४५० मी. उंचीवर वसलेल्या सोलापूर प्रदेशातून गंगोत्रीस जाणाऱ्यांची संख्या पंढरपूर, तुळजापूर वा अक्कलकोट येथे जाणाऱ्यांच्या मानाने नेहमीच अल्प होती. चंद्रभागा हीच येथील बहुतेकांची गंगा. तथापि या थोड्या यात्रेकरूंच्या पूर्वतयारीचा इतिहास लक्षणीय आहे. प्रवास जसजसा सुकर झाला, तसतसा त्याच्या आखणीतून वेळ कमी होत गेला. आणि संथ वाटचालीमुळे शरीराला नकळत लाभणारे संरक्षणही त्याबरोबर गेले.

आखणीचा पहिला प्रश्न पंचांगाचा होता. गंगोत्रीच्या मंदिराची दारे अक्षय्य तृतीयेला उघडतात आणि दिवाळीतील अन्नकूटाच्या दिवशी बंद होतात. हिवाळ्यात देवीची मूर्ती खालच्या मुखबा गावी नेतात. मंदिराचे पुजारी सेमवाल हे त्याच गावचे. सोलापूर हा मुख्यतः रब्बी ज्वारीचा मुलूख असल्याने काढणी, मळणी उरकल्यावर शेतकरी चैत्रात मोकळा होई. परंतु वैशाखात दारे उघडून महिना उलटतो न उलटतो तोच मृग नक्षत्र येते, पाठोपाठ आषाढी वारी येते आणि हिमालयात पावसाने दरडी कोसळू लागतात. दुसरी अनुकूल वेळ आश्विनातली, पण तेव्हा रब्बीची पेरणी चालू असते. रेल्वेपूर्व काळात तर ही यात्रा एका ऋतूत बसणे शक्यच नव्हते. दसऱ्यानंतर निघून माघात प्रयाग, पुढे काशी व गया करून वैशाखात हिमालय गाठणे आणि परतताना वाटेत कोठेतरी चातुर्मास काढणे, असा क्रम सोयीचा पडे. साहजिकच शेत मुलांच्या स्वाधीन केलेले वृद्ध, विधवा स्त्रिया आणि सधन व्यापारी हेच प्रायः या वाटेला लागत.

परत येण्याची शाश्वती नसल्यामुळे तयारीत व्यवहाराला धर्मविधींइतकेच महत्त्व होते. देणे फेडावे, वाटण्या कराव्यात, कुलस्वामीचा निरोप घ्यावा, ही रीत होती. निघण्याच्या आदल्या दिवशी उपवास, नंतर गणेशपूजन, घृतश्राद्ध आणि कार्पटिक वेष धारण करणे हे विधी धर्मशास्त्रावरील निबंधग्रंथांत सांगितले आहेत. प्रयाग, काशी व गया या तीन क्षेत्रांतील कृत्यांसाठी सोळाव्या शतकातील नारायणभट्टांचा त्रिस्थलीसेतु हा ग्रंथ प्रमाण मानीत. नारायणभट्टांचे घराणे मूळचे पैठणचे. रोकड अंगावर बाळगणे धोक्याचे असल्याने सावकाराकडून काशीच्या पेढीवर हुंडी घेत. शिध्यात सातूचे पीठ, मेतकूट आणि महिनाभरही टिकणारी ज्वारीची कडक भाकरी असे. बुऱ्हाणपूरवरून हंडिया येथे नर्मदा ओलांडणारा जुना राजमार्ग हा दक्षिणेतून उत्तरेस जाण्याचा परिचित रस्ता होता. अशा प्रवासातील संकटांची उत्तम कल्पना विष्णुभट गोडसे यांच्या माझा प्रवास (१९०७) या ग्रंथावरून येते. ते कोकणातले आणि गंगोत्रीस गेलेले नव्हते. पण १८५७ च्या धामधुमीत सापडूनही गंगेची कावड घरी आणण्याचा त्यांचा निर्धार त्या काळच्या यात्रेकरूची मनोवृत्ती स्पष्ट करतो.

हिमालयातील मुक्कामांची तरतूद प्रामुख्याने दानशूरांवर अवलंबून होती. या बाबतीत अहिल्याबाई होळकर (१७२५–९५) यांचे कार्य अग्रगण्य आहे. त्यांचे जन्मगाव चौंडी हे सोलापूर जिल्ह्यात पुढे वाहत येणाऱ्या सीना नदीच्याच काठी आहे. पंढरपूर येथील होळकर वाडा त्यांच्याच काळातला. गंगोत्री व केदारनाथ येथे त्यांनी धर्मशाळा बांधल्या, तसेच देशातील अनेक देवस्थानांना गंगाजलाच्या कावडी पाठविण्याची व्यवस्था केली. केदारनाथाच्या दुर्गम वाटेवरील त्यांच्या धर्मशाळेचा उल्लेख जॉन माल्कमच्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथात (१८२३) आहे. सोलापूर विद्यापीठाला २०१९ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. गंगोत्रीचे मंदिर मात्र गुरखा सेनानी अमरसिंग थापा याने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधविले.

लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला. १८७० मध्ये मुंबई–जबलपूर–अलाहाबाद हा मार्ग जोडला गेला, १८७८ मध्ये दौंड–मनमाड फाटा सुरू झाल्याने मुंबईचा वळसा टळला आणि १८८६ मध्ये गाडी हरद्वारपर्यंत गेली. अडीच दशकांत काही महिन्यांची वाट काही दिवसांवर आली. गर्दीबरोबर रोगही वेगाने फिरू लागले. १८६७ च्या हरद्वार कुंभमेळ्यानंतर पटकीची साथ उत्तर भारतभर पसरली. मात्र रेल्वेने मैदानी प्रदेशच ओलांडला होता. ऋषिकेशपासून पुढे टिहरी, धरासू, उत्तरकाशी असा जवळजवळ २५० किमी. चा पल्ला पायीच करावा लागे. त्यासाठी थोड्या थोड्या अंतरावर चट्ट्या असत. चट्टी म्हणजे गवताने शाकारलेली लांबट पडवी आणि तिला लागून वाण्याचे दुकान. त्या दुकानातून पीठ, डाळ, लाकूडफाटा विकत घेतला, की राहण्याची जागा व स्वयंपाकाची भांडी वेगळे पैसे न देता मिळत. ज्वारी येथे संपे. सोलापूरच्या माणसाला भात, गहू व बटाटे यांवर राहावे लागे. अशक्तांसाठी एका माणसाने पाठीवर वाहावयाची कंडी किंवा चौघांनी खांद्यावर न्यावयाची दांडी मिळे. कालीकमलीवाले बाबा म्हणून प्रसिद्ध असलेल्या स्वामी विशुद्धानंदांनी ऋषिकेशला स्थापन केलेल्या संस्थेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या वाटांवर धर्मशाळा व सदावर्ते चालविली. दररोज काही कोस चढण करणाऱ्या यात्रेकरूला गंगोत्रीस पोहोचण्यास दोन-तीन आठवडे लागत. विरळ हवेची सवय होण्यास तेवढा अवधी पुरेसा होता, ही गोष्ट त्या वेळी कोणी हिशेबात धरली नव्हती.

सोलापूरच्या वीरशैव समाजाला या यात्रेत आणखी एक आकर्षण होते. केदारनाथ हे वीरशैवांच्या पंचपीठांपैकी एक असून तेथील रावळ वीरशैव जंगम असतो. हिवाळ्यात त्याचे पीठ ऊखीमठला असते. गंगोत्रीचे जल केदारनाथास वाहण्याचा प्रघात आहे. त्यासाठी भटवाडीजवळून बूढा केदार, पंवाली व त्रियुगीनारायण असा डोंगराडोंगरांतून जाणारा पायरस्ता होता. सिद्धरामेश्वरांच्या नगरीतील भक्तांना हा रस्ता जितका खडतर, तितकाच अर्थपूर्ण वाटला असल्यास नवल नाही.

१९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धानंतर सीमेकडील रस्त्यांची कामे झपाट्याने झाली आणि मोटारी टप्प्याटप्प्याने गंगोत्रीपर्यंत गेल्या. चट्ट्या ओस पडल्या. जुने टिहरी शहर तर २००५ नंतर धरणाच्या जलाशयाखाली गेले. आता ऋषिकेशहून दोन दिवसांत गंगोत्री गाठता येते. सोलापुरातील चाळीस अंशांवरील उन्हातून निघालेला साठीचा माणूस चार-पाच दिवसांत सु. २,६०० मी. अधिक उंचीवर, गोठणबिंदूजवळच्या रात्रीत येऊन पोहोचतो. साधारणतः २,५०० मी. च्या वर डोकेदुखी, मळमळ व धाप ही लक्षणे दिसू लागतात. ती वाढल्यास खाली उतरणे हाच खरा उपाय होय. उत्तरकाशी जेमतेम ११५० मी. उंचीवर असल्याने तेथील मुक्कामाचा उपयोग थोडाच, सु. २,६०० मी. वरील हर्सिल येथे एक-दोन रात्री काढणे अधिक हिताचे. सहलींच्या वेळापत्रकात नेमका हाच मुक्काम प्रथम गाळला जातो. जून २०१३ च्या महापुरानंतर यात्रेकरूंची नोंदणी सक्तीची झाली, गोमुखाकडे जाणाऱ्यांची दैनिक संख्याही मर्यादित आहे. तरीही ५ ऑगस्ट २०२५ रोजी गंगोत्रीच्या वाटेवरील धराली हे गाव खीरगंगेच्या लोंढ्याने उद्ध्वस्त झाले आणि वरच्या भागातील प्रवासी अडकून पडले. पावसाळ्यात या वाटेला जाऊ नये, हा जुन्या आखणीतील दंडक केवळ शेतीच्या सोयीसाठी नव्हता.

यात्रेची सांगता घरी होई. मोहोरबंद तांब्याच्या गडूतून आणलेल्या गंगेचे पूजन करून आप्तेष्टांना मावंद्याचे जेवण घालीत आणि काही जल रामेश्वरासाठी राखून ठेवीत. २०१६ पासून टपाल खात्याने गंगोत्रीचे जल बाटल्यांतून विकण्यास प्रारंभ केला आहे. मावंदे मात्र स्वतः जाऊन आलेल्यानेच घालावयाचे असते.