टोपीकरांची फॅक्टरी

जहांगीर बादशहाच्या फर्मानानंतर १६१३ मध्ये सुरतेस स्थिरावलेली ईस्ट इंडिया कंपनीची फॅक्टरी माल बनवण्यासाठी नव्हती, आणि तरीही त्या काळच्या इंग्रजीत तिचे हे नाव बिनचूक होते. 'करणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेला फॅक्टर म्हणजे धन्याच्या वतीने परमुलखात खरेदी-विक्री करणारा अडत्या, आणि अशा अडत्यांचे ठाणे ती फॅक्टरी. पोर्तुगीजांचा 'फेइतोरिया' हा शब्दही त्याच मुळाचा आहे. मराठी कागदपत्रे या ठाण्याला वखार म्हणतात. जहाजांचे येणे-जाणे मोसमी वाऱ्यांवर अवलंबून असल्याने दलालांमार्फत विणकरांना आगाऊ रक्कम देऊन कापड आधीच जमवावे लागे आणि जहाज लागेपर्यंत ते सांभाळावे लागे, म्हणून कोठार, कचेरी व निवास एकाच आवारात असत. कंपनीच्या नोकरीत 'रायटर', म्हणजे कारकून, या पायरीनंतर फॅक्टरची पायरी येई.

या अडत्यांचा व्यापार निव्वळ व्यापार राहिला नाही. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतील इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफगोळ्यांची मदत केली, तेव्हा पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी ती वखार लुटून हेन्री रेव्हिंग्टन व त्याच्या सहकाऱ्यांना कैद केले. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात या अनुभवाचे सार उतरले आहे: टोपीकरांना, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना, वखारीस जागा द्यावीच लागली तर ती खाडीच्या मुखाशी किंवा समुद्रतीरी देऊ नये, आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. मालाच्या कोठारातून किल्ला कसा उभा राहतो हे इतक्या नेमकेपणाने ओळखणारा समकालीन राजकीय ग्रंथ विरळाच.

यंत्रांनी माल बनवणारी जागा हा अर्थ ब्रिटनमधील औद्योगिक क्रांतीच्या काळात रूढ झाला आणि मूळचा अर्थ मागे पडला. भारतातील १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या व किमान शंभर माणसे असलेल्या उद्योगांना लागू होता. मुंबईत त्यात मुख्यतः कापडगिरण्या येत. मराठीने नव्या अर्थासाठी कारखाना हा फारसी शब्द वापरला, मात्र शिवकालीन अठरा कारखान्यांत अंबारखाना व तोफखाना यांसारखी सरकारी खाती मोडत होती. वखार हा शब्द मात्र आजही लाकडाच्या व्यापाऱ्यांच्या पाट्यांवर आढळतो.