तराजू, नाणी आणि टेकडी

हल्ली छंदालासुद्धा अप्रेझल लागलंय, असं माझं मत होत चाललंय. कुणी गिटार शिकतो, पण तीस दिवसांचं चॅलेंज म्हणून. कुणी पहाटे धावतो, कारण मनगटावरच्या घड्याळाला रोजचा आकडा दाखवायचा असतो. पुस्तकं वाचणारा वर्षाअखेरीस किती झाली ते मोजतो. म्हणजे सोमवार ते शुक्रवार टार्गेट, आणि शनिवार-रविवारीही टार्गेटच! याला आपण 'सेल्फ इम्प्रूव्हमेंट' म्हणतो. मग सहा महिन्यांनी गिटार कपाटावर धूळ खात पडते आणि आपण पुढच्या चॅलेंजच्या शोधात.

मग माणसाला खरोखर वाढवणारा छंद असतो तरी कसा? हा प्रश्न पडला की मला पुण्यातले एक गणिताचे प्राध्यापक आठवतात. आज त्यांच्याबद्दल.

दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म 31 जुलै 1907, गोव्यात. वडील धर्मानंद कोसंबी म्हणजे पाली आणि बौद्ध साहित्याचे नामांकित अभ्यासक. त्यांना हार्वर्डला काम मिळालं, त्यामुळे मुलाचं बरंचसं शिक्षण अमेरिकेत झालं. 1929 साली हार्वर्डची पदवी घेऊन दामोदर भारतात परतले. आधी बनारस, मग अलीगढ, आणि मग पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. 1945 साली होमी भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. घर मात्र पुण्यातच, भांडारकर संस्थेच्या रस्त्यावर. मग काय, 'डेक्कन क्वीन'ने पुणे-मुंबई ये-जा. थोडक्यात, आजच्या हिंजवडीच्या ट्रॅफिकबद्दल तक्रार करणाऱ्यांचे ते पूर्वज :-)

कोसंबींचा पोटापाण्याचा विषय होता भूमिती. साधी नव्हे, वक्र अवकाशांची, टेन्सरवाली. त्यांना संख्याशास्त्र शिकावंसं वाटलं. आता आपण काय केलं असतं? एखादा कोर्स लावला असता, सर्टिफिकेट घेऊन प्रोफाइलवर टाकलं असतं. कोसंबींची पद्धत वेगळी होती. विषय शिकायचा तर हातात एक खराखुरा, न सुटलेला प्रश्न हवा. त्यांनी घेतलेल्या प्रश्नांपैकी एक होता जुन्या नाण्यांचा.

भारतातली सगळ्यात जुनी नाणी म्हणजे 'आहत' नाणी. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापायचे, वजनाला बरोबर करायचे आणि त्यावर ठसे मारायचे. सूर्य, प्राणी, टेकड्या, चक्रं अशी चिन्हं. त्यावर राजाचं नाव नाही, साल तर नाहीच नाही. तक्षशिलेला अशा नाण्यांचे मोठे साठे सापडले होते. मग यातलं कुठलं नाणं आधीचं आणि कुठलं नंतरचं, हे कसं ठरवायचं? जाणकार मंडळी चिन्हांचे अर्थ लावत होती. कोसंबींनी विचारलं, याचं वजन किती?

मुद्दा अगदी साधा आहे. टांकसाळीतून बाहेर पडताना एका प्रकारची सगळी नाणी जवळपास सारख्या वजनाची असतात. मग ती हातोहाती फिरतात, थैलीत एकमेकांवर घासतात, झिजतात. म्हणजे काळ जातो तसं सरासरी वजन कमी होतं. आणि सगळी नाणी सारखी फिरत नाहीत, काही पेटीत पडून राहतात आणि काही रोज बाजारात जातात, त्यामुळे वजनांमधला फरकही वाढत जातो. सरासरी घटते, विचलन वाढतं. ठशांवरून नाण्यांचे गट पाडा, प्रत्येक गटाचं वजन बघा, आणि बिनतारखेच्या नाण्यांचा क्रम लागायला लागतो!

पण हे खरं कशावरून? इथे मला हा माणूस फार आवडतो. त्यांनी काय केलं, तर आपल्या काळातली चलनातली नाणी गोळा केली. त्यांच्यावर साल छापलेलं असतं ना! ती एकेक करून तोलली आणि वर्षागणिक झीज खरंच अशी होते का ते तपासलं. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी माहीत असलेल्या डेटावर टेस्ट चालवली आणि मगच प्रॉडक्शनला हात लावला. जुन्या नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक बारीक खुणा असतात. नाणं अधूनमधून तपासलं जाई तेव्हा त्या मारल्या जात असाव्यात. कोसंबींना दिसलं, की जितक्या खुणा जास्त तितकं वजन कमी, जवळजवळ सरळ रेषेत. अशी हजारो नाणी. प्रत्येक नाणं तराजूत ठेवायचं, आकडा लिहायचा, पुढचं उचलायचं. कॅल्क्युलेटर नाही, एक्सेल नाही. यावरचे त्यांचे लेख 1940 आणि 1941 साली आले.

आता गंमत बघा. छंदासाठी घासूनपुसून तयार केलेलं हे संख्याशास्त्र दुसरीकडे उगवलं. 1943 साली त्यांनी एक गणिती लेख लिहिला. त्यातली कल्पना पुढे कारूनेन आणि लोएव्ह या दोघांनी स्वतंत्रपणे मांडली आणि ती त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाली. मशीन लर्निंगवाल्यांना 'प्रिन्सिपल कंपोनंट अ‍ॅनालिसिस' माहीत असेलच, ही त्याचीच थोरली भावंडं. 1944 साली त्यांनी जनुकशास्त्रातला एक लेख लिहिला, गुणसूत्रावर दोन जनुकांमधलं अंतर कसं काढायचं यावर. ते सूत्र आजही वापरात आहे. जनुकांचे नकाशे करणाऱ्या सॉफ्टवेअरमधे पर्याय निवडायची वेळ येते तेव्हा 'हाल्डेन'च्या शेजारी 'कोसंबी' असं नाव दिसतं. हे सूत्र वापरणाऱ्या कित्येकांना हा माणूस इतिहासकार होता हे माहीत नसतं, आणि इतिहासवाल्यांना हे सूत्र!

तर नाण्यांकडे परत येऊ. क्रम लागला, पण मग पुढचा प्रश्न उभा राहिला. ही नाणी पाडली कुणी? कुठला राजा, कुठला व्यापारी? त्यासाठी जुने ग्रंथ वाचायला हवेत, म्हणजे संस्कृत हवं. संस्कृत शिकण्याचीही तीच पद्धत, एक काम हातात घेऊन. त्यांनी निवडली भर्तृहरीची सुभाषितं. नीती, शृंगार आणि वैराग्य अशी तीन शतकं आपल्याकडे परंपरेने चालत आलेली. पण यातलं मूळ किती आणि नंतर घुसवलेलं किती? कोसंबींनी देशभरातली शेकडो हस्तलिखितं ताडून पाहिली. शेकडो ब्रँचेसमधून मूळ कोड शोधून काढण्यासारखंच हे काम, फक्त गिटशिवाय आणि मर्ज कुणी केलं याची नोंद नसताना. बहुतेक सगळ्या परंपरांत सापडणारे सुमारे 200 श्लोक एका गटात, शंकास्पद श्लोक दुसऱ्या, आणि इकडेतिकडे सापडणारे तिसऱ्या. ही चिकित्सक आवृत्ती 1948 साली निघाली. जो भाषा शिकायला बसला होता, त्याने त्या भाषेतल्या पंडितांना संदर्भग्रंथ दिला.

ग्रंथ वाचून झाले, पण त्यांना आणखी एक गोष्ट खटकायला लागली. ग्रंथ लिहिणारे सगळे वरच्या थरातले. शेतकरी, धनगर, बाजारातली माणसं यात कुठे आहेत? मग कोसंबी घराबाहेर पडले. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि खेडी ते पायी पालथी घालायला लागले. जमिनीवर बोटाच्या पेराएवढी दगडी हत्यारं सापडायची, अश्मयुगातली. कुठे शेंदूर फासलेला म्हसोबा, कुठे बोल्हाई, कुठे वेताळ. गावकऱ्यांशी मराठीत गप्पा. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की ही देवस्थानं बऱ्याच ठिकाणी जुन्या पायवाटांच्या तिठ्यांवर आहेत आणि तिथेच ती बारीक हत्यारंही सापडतात. धनगरांच्या फिरण्याच्या वाटा, वारीच्या वाटा, कार्ले-भाजे-जुन्नरची लेणी जिथे कोरली गेली त्या व्यापाराच्या वाटा, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे, अशी मांडणी त्यांनी केली. 1956 साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं त्यांचं पहिलं मोठं पुस्तक आलं आणि 1962 साली 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'. राजांच्या सनावळ्यांऐवजी नांगर, नाणं आणि पायवाट यांवरून इतिहास लिहिता येतो, हे एका पिढीला त्यांनी दाखवून दिलं. त्यांची सगळी अनुमानं आज मान्य आहेत असं मुळीच नाही, बऱ्याचशांवर वाद आहेत. पण त्यांनी विचारलेले प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही.

इथवर वाचून 'वा, काय माणूस!' असं म्हणून टॅब बंद करू नका. कारण या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितली नाही तर हा लेख म्हणजे एक मोटिव्हेशनल फॉरवर्ड होईल.

हे सगळं फुकट मिळालं नाही. गणितातल्या अनेकांना वाटायचं, की हा माणूस आपली बुद्धी भलतीकडे उधळतोय. 1959 साली कोसंबींनी 'रीमान हायपोथिसिस' या गणितातल्या अत्यंत अवघड प्रश्नावर संभाव्यतेच्या मार्गाने हल्ला केला, आणि तो लेख छापला कृषी संख्याशास्त्राच्या जर्नलमधे. गणितज्ञांनी तो मान्य केला नाही. 1962 साली टाटा संस्थेने त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. त्यामागची कारणं एकाहून जास्त सांगितली जातात. भाभांशी बिनसलेले संबंध, अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जेकडे बघा असं जाहीरपणे सांगणं, आणि ही गणिती भानगड. स्वभावही फटकळ. 29 जून 1966 रोजी पुण्यात ते गेले, वय अवघं 58.

मला यातून दिसतं ते असं. नाण्यांच्या, श्लोकांच्या आणि वाटांच्या बाबतीत कोसंबींना वस्तू रोज उत्तर देत होती. तराजू खोटं बोलत नाही, हस्तलिखित तुमचा मान ठेवत नाही, दगड सापडतो किंवा सापडत नाही. रीमानच्या बाबतीत चूक दाखवणारं तसं काही समोर नव्हतं. होते फक्त इतर गणितज्ञ, आणि त्यांच्यापासून ते दूर गेले होते. छंद माणसाला वाढवतो तो छंद आहे म्हणून नाही, तर तो आपल्याला रोज खोटं पाडू शकतो म्हणून. ऑफिसात आपल्याला 'ग्रेट जॉब' म्हणणारे पुष्कळ असतात. शनिवारी आपलं चुकलंय हे सांगणारं काहीतरी हवं, मग ते बेसूर लागणारी तार असो, न जमणारी पोळी असो, की मोडी लिपीतलं न लागणारं पत्र.

आणि दुसरं म्हणजे, कोसंबींनी दहा छंद निवडले नव्हते. त्यांनी एकच प्रश्न धरला आणि तो जिथे नेईल तिथे गेले. वजनातून ठसे, ठशांतून ग्रंथ, ग्रंथांतून टेकडी. यादी कुणी आधी केलीच नव्हती. आपण मात्र यादी आधी करतो आणि प्रश्न शोधायचाच राहून जातो.

तेव्हा येत्या शनिवारी नवीन काही 'जॉइन' करायच्या आधी एवढंच बघा. तुमच्या रोजच्या वाटेवर, घरातल्या जुन्या डब्यात, आजीच्या बोलण्यात असं काही आहे का, ज्याचं उत्तर तुम्हाला येत नाही आणि शोधल्याशिवाय चैन पडणार नाही? सापडलं तर घड्याळ काढून ठेवा आणि त्याच्या मागे जा. पुण्यात असाल तर वेताळ टेकडी आहेच. चढताना घाम येईल तो बोनस.