युद्धपटांच्या अभ्यासात स्वागत

1917 साली, पहिले महायुद्ध चालू असताना, दादासाहेब फाळके यांनी 'लंकादहन' प्रदर्शित केला. एकटा वीर समुद्र ओलांडतो, शत्रूच्या नगरीला आग लावतो आणि सुखरूप परततो. हवाई हल्ल्यावरच्या चित्रपटांनी पुढे जे कथासूत्र वापरले, ते इथे आधीच सापडते. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आणि नाशकात चित्रपट उभे करणाऱ्या फाळक्यांनी हनुमानाचे उड्डाण कॅमेऱ्याच्या करामतीने साधले. त्यामुळे युद्धपटांचा अभ्यास नाशिककरांना परका वाटण्याचे कारण नाही.

या क्षेत्रातली पायाभूत कृती म्हणजे मायकेल अँडरसन यांचा 'द डॅम बस्टर्स' (1955). 16 मे 1943 च्या रात्री ब्रिटिश हवाई दलाची 19 लँकेस्टर विमाने जर्मनीतील धरणे फोडायला निघाली. पाण्यावर उसळ्या घेत जाणारा बार्न्स वॉलिस यांचा बॉम्ब अवघ्या 60 फुटांवरून टाकायचा होता. काळोखात ती उंची मोजायची कशी? विमानाखाली दोन दिवे बसवले; त्यांचे झोत पाण्यावर जुळले की उंची बरोबर. पडद्यावर ते दोन ठिपके एकमेकांकडे सरकतात तेव्हा तंत्र हेच नाट्य होते. बॉम्बचे खरे स्वरूप तेव्हाही गुप्त असल्याने चित्रपटात त्याचा आकार बदलावा लागला.

मोहिमेत 53 वैमानिक व सहकारी मारले गेले. त्यांचा शोक चित्रपट मनापासून करतो. मात्र म्योने धरणाच्या पुरात बुडालेली नेहाइमची परदेशी सक्तमजुरांची छावणी त्यात दिसत नाही. पुरात सुमारे 1600 माणसे गेली. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटल्यावर पुण्याचे काय झाले हे मराठी वाचक जाणतो. गोदेचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या अंगापर्यंत चढले यावरून पूर मोजणाऱ्या नाशिकला तर खोऱ्यातल्या माणसाची बाजू कोणी समजावून सांगायला नको. म्हणूनच आमच्या मते या अभ्यासाचा पहिला प्रश्न असा : कॅमेरा कुठे उभा आहे, विमानात की खोऱ्यात?

हाच प्रश्न आपल्या इतिहासालाही विचारता येतो. ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-21 विमाने बनली. त्याच जातीच्या विमानांनी भारत-पाक युद्धात 14 डिसेंबर 1971 ला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेटे डागली; विंग कमांडर बिश्नोई यांच्या हाती होता पर्यटकांसाठीचा नकाशा. गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. ही मोहीम चित्रित करायची तर वैमानिकाच्या काचेतून की हादरलेल्या गव्हर्नर हाऊसमधून? 1971 च्या हवाई युद्धावर चेतन आनंद यांनी 1973 मध्ये 'हिंदुस्तान की कसम' काढला. तोही याच दृष्टीने पुन्हा पाहावा.

या अभ्यासाला लष्करी ज्ञानाची पूर्वअट नाही. शौर्याचा आदर सोडावा लागत नाही आणि मृतांचा हिशेबही टाळता येत नाही. एक युद्धपट निवडा. पहिल्यांदा कथेसाठी पाहा, दुसऱ्यांदा प्रत्येक दृश्यात कॅमेऱ्याची जागा टिपून घ्या. मग त्या मोहिमेचा लिखित इतिहास वाचा आणि पडद्यावर कोण आले नाही याची यादी करा. ती यादी हाताशी आली की तुम्ही या क्षेत्रात आलात. पुढचे काम आपण मिळून करू.