युक्रेनचे युद्ध आणि परकी कुमक

युद्धाचा अभ्यास करणाराने प्रथम नकाशा पुढे मांडावा, असे सांगतात. युक्रेनच्या युद्धाचा विचार करताना आम्ही नकाशाशेजारी एक टिपणवहीही ठेवली, आणि तीत लढायांच्या तारखांबरोबर वॉशिंग्टन, बर्लिन व ब्रुसेल्स येथे झालेल्या निर्णयांच्या तारखाही उतरून घेतल्या. दोन्ही कागद एकत्र पाहिले म्हणजे ध्यानात येते की, नीपर आणि दोनेत्स या नद्यांच्या मुलखात जी आघाडी पुढेमागे सरकली, तिची पुष्कळशी कारणे त्या मुलखापासून हजारो मैलांवर होती. कुमक किती आली, याचे आकडे वृत्तपत्रांतून नित्य छापून येतात. ती केव्हा आली, हा रकाना बहुधा रिकामा राहतो. आम्हास या लेखात तोच भरावयाचा आहे. आमचे विवेचन २०२५ च्या अखेरीपाशी थांबते.

आरंभ थोडा मागून करावा लागतो. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला तेव्हा युक्रेनच्या भूमीवर जगातील तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा होता. तो सोडण्याच्या मोबदल्यात ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्ट येथे अमेरिका, ब्रिटन आणि रशिया या तिघांनी युक्रेनच्या सरहद्दींचा मान राखण्याचे लिहून दिले. त्या कागदात आश्वासन होते, हमी नव्हती. या दोन शब्दांतील अंतर वकिलांना पहिल्याच दिवशी ठाऊक असते. युक्रेनला ते २० वर्षांनी, २०१४ मध्ये क्रिमिया हातचा गेल्यावर उमगले.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने चहूकडून चढाई केली. राजधानी कीव्ह थोड्या दिवसांत पडेल असा रशियाचा अंदाज होता, आणि खरे बोलावयाचे तर युक्रेनच्या मित्रांचाही तोच होता. होस्तोमेलच्या विमानतळावर उतरविलेली रशियन तुकडी अपेक्षित कुमक न मिळाल्याने अडकली, रणगाड्यांच्या लांबच लांब रांगा रस्त्यांवर खोळंबल्या, आणि एप्रिलच्या आरंभी रशियन सैन्य उत्तरेकडून माघारी गेले. या यशात खांद्यावरून डागावयाच्या रणगाडाभेदी अस्त्रांचा वाटा होता. ब्रिटनने ती जानेवारीतच धाडली होती, अमेरिकेची त्याहूनही आधी आलेली होती. सबंध युद्धात वेळेपूर्वी पोहोचलेली कुमक ती एवढीच.

पुढे देणगीचा ओघ मोठा झाला, पण त्याची चाल ठरून गेली. युक्रेनने एखादे अस्त्र मागावे, मित्रांनी नाही म्हणावे, काही महिने चर्चा चालावी, मग होकार यावा आणि त्यानंतर शिक्षण व वाहतूक यांत आणखी काही महिने जावेत. हायमार्स ही अग्निबाणांची तोफ जून २०२२ मध्ये आली. तिचा पल्ला सुमारे ८० किलोमीटर असल्याने रशियाची दारूगोळ्याची कोठारे आणि खेरसोनजवळचा अंतोनिव्का पूल माऱ्याच्या टप्प्यात आले. नीपरच्या पश्चिम तीरावरील रशियन सैन्याची रसद अशी तुटत गेली आणि ११ नोव्हेंबर रोजी युक्रेनी सैनिक खेरसोनमध्ये शिरले. दोन महिने आधी खारकीव्ह प्रांतात रशियाची विरळ आघाडी कोसळली होतीच. शत्रू विस्कळीत होता, त्याला माणसांची वाण होती, खंदक खणलेले नव्हते. जे काही द्यावयाचे ते देण्याचा तो हंगाम होता.

रणगाडे देण्याचा जर्मनीचा निर्णय झाला २५ जानेवारी २०२३ रोजी. त्या हिवाळ्यात रशियाने झापोरिझियाच्या सपाट शेतांत एकामागे एक तटबंद्या उभारल्या, काँक्रीटचे सुळके रोवले आणि त्यांपुढे सुरुंग पेरले. जून २०२३ मध्ये युक्रेनने प्रतिचढाई केली ती या तटबंदीवर. महिनोन्‌महिने झुंजून रोबोतिने हे खेडे हाती आले. अझोव्ह समुद्राचा किनारा दूरच राहिला. या अपयशाचे सारे खापर कुमकेच्या विलंबावर फोडणे मात्र आम्हास मान्य नाही. नव्या पलटणी अननुभवी होत्या, बळ एका ठिकाणी न एकवटता वाटले गेले होते, आणि डोक्यावर विमानांचे छत्र नव्हते. पण ते छत्र का नव्हते? एफ-१६ विमाने युक्रेनच्या आकाशात आली ती २०२४ च्या उन्हाळ्यात, म्हणजे त्या चढाईनंतर एक वर्षाने. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. विलंबास भीतीचे कारण होते, हेही नोंदविले पाहिजे. अण्वस्त्रे बाळगणाऱ्या राष्ट्राला कोठवर डिवचावे, हा प्रश्न वॉशिंग्टनच्या मुत्सद्द्यांना हास्यास्पद वाटला नाही, आणि आम्हासही वाटत नाही.

आता अव्दीव्काकडे वळू; कारण कुमक आणि काळ यांचे नाते येथे जितके उघडे दिसते तितके अन्यत्र दिसत नाही. दोनेत्स्क शहराला खेटून असलेले हे गाव. त्याच्या कडेला कोळशापासून कोक करण्याचा प्रचंड कारखाना. युक्रेनने ते २०१४ पासून राखले होते. १० ऑक्टोबर २०२३ च्या सुमारास रशियाने त्यावर मोठा हल्ला सुरू केला, आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी नव्या मदतीची मागणी अमेरिकेच्या कायदेमंडळापुढे ठेवली. हल्ला पुढे सरकत राहिला. मागणी जागच्या जागी राहिली. अमेरिकेची दक्षिण सरहद्द, तिकडून येणारे निर्वासित, येऊ घातलेली निवडणूक असल्या प्रश्नांत ती गुंतून पडली. युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये वर्षभरात १० लाख तोफगोळे देण्याचे कबूल केले होते. मुदत भरली तेव्हा निम्म्याच्या आसपास पोहोचले होते. वचन देताना कारखाने मोजले गेले नव्हते. युद्धापूर्वी साऱ्या अमेरिकेत १५५ मिलिमीटरचे गोळे महिन्याला सुमारे १४,००० बनत. युक्रेनच्या तोफा तेवढे काही दिवसांतच खर्च करीत. शांततेच्या ३० वर्षांत पश्चिमेने गोळे ओतण्याच्या भट्ट्या हळूहळू विझू दिल्या होत्या. विझलेली भट्टी ठराव संमत करून पेटत नाही.

परिणाम असा की, त्या हिवाळ्यात युक्रेनचे तोफखाने समोर शत्रू दिसत असताना गोळे मोजून डागीत होते. वरून रशियन विमाने पंख जोडलेले जड बाँब दुरूनच सोडीत, आणि त्यांना रोखणारी क्षेपणास्त्रेही तुटपुंजी होती. १७ फेब्रुवारी २०२४ रोजी नवे सरसेनापती सिर्स्की यांनी अव्दीव्का सोडण्याचा हुकूम दिला. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने सुमारे ६१ अब्ज डॉलरचे विधेयक संमत केले ते २० एप्रिल रोजी. सही झाली २४ एप्रिलला. तोवर रशियन सैन्य अव्दीव्काच्या पश्चिमेस पोक्रोव्स्कच्या रोखाने निघाले होते.

मधल्या काळात चेक प्रजासत्ताकाने एक व्यवहारी वाट काढली. आपल्याजवळ नसतील तर जगात जेथे मिळतील तेथून गोळे विकत घ्यावेत, पैसे मित्रराष्ट्रांनी भरावेत! राष्ट्राध्यक्ष पावेल यांनी ही योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये म्युनिक येथे मांडली आणि जूनमध्ये पहिली खेप पोहोचली. लहान राष्ट्राच्या या दुकानदारीने मोठ्यांच्या भाषणांपेक्षा अधिक काम केले, असे आमचे मत आहे.

तथापि युक्रेनच्या पदरचे मापही मांडले पाहिजे. सैन्यात सक्तीने घेण्याचे किमान वय २७ वरून २५ वर आणणारा कायदा अंमलात येण्यास तेथेही एप्रिल २०२४ उजाडावा लागला. विधेयक जवळजवळ वर्षभर सहीवाचून पडले होते. तोफगोळे उसने आणता येतात. खंदकातली माणसे घरचीच लागतात, आणि त्यांना पाठविण्याचा निर्णय कोणत्याही निवडून आलेल्या सरकारला जड जातो.

परकी कुमक फक्त युक्रेनला मिळाली, हा समजही टाकून दिला पाहिजे. इराणच्या शाहेद जातीच्या ड्रोनांनी २०२२ च्या शरदापासून युक्रेनची वीजकेंद्रे होरपळली. पुढे रशियाने ती तातारस्तानात एलाबुगा येथे स्वतःच बनवावयास घेतली. उत्तर कोरियाने लक्षावधी गोळे दिले, जून २०२४ मध्ये परस्परसंरक्षणाचा तह केला, आणि त्याच वर्षीच्या शरदात सुमारे १०,००० सैनिक कुर्स्क प्रांतात धाडले. या दात्यांच्या देशांत मागणी अडवून धरणारे कायदेमंडळ नाही. लोकशाही राष्ट्रांची मदत मोठी असते, पण उघडपणे वाद घालून येते. हुकूमशहाची मदत रात्रीच्या आगगाडीने निघते. आम्ही यात हुकूमशाहीची वाखाणणी करीत नाही. रणांगणावर त्याचा परिणाम झाला, एवढेच सांगतो.

याच कुर्स्क प्रांतात युक्रेनने ६ ऑगस्ट २०२४ रोजी अचानक घुसून सुजा हे गाव घेतले होते. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी झेलेन्स्की आणि ट्रम्प यांची खडाजंगी सर्व जगाने पाहिली; मार्चच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेने शस्त्रे आणि गुप्त माहिती दोन्ही रोखली; ११ मार्चला जेद्दाच्या बोलण्यानंतर ती पुन्हा मोकळी केली. त्याच सुमारास रशियाने सुजा परत घेतले. दोहोंचा थेट संबंध जोडण्याची घाई आम्ही करणार नाही, कारण तेथील एकमेव रसदमार्गावर तंतूच्या आधाराने उडणाऱ्या रशियन ड्रोनांनी आधीच पहारा बसविला होता. पण खंदकातल्या सैनिकाला त्या आठवड्यात काय वाटले असेल, ते सांगावयास इतिहासकार नको.

स्वतःच्या हाताने जे करता येईल ते करण्याकडे युक्रेन वळले ते अशा अनुभवांतून. सोव्हिएत काळात तेथे मोठे शस्त्रोद्योग होते. आपल्या आरमारासही ते परिचित आहेत: ९ डिसेंबर २०२४ रोजी कालिनिनग्राद येथे भारतीय आरमारात दाखल झालेली तुशील ही नौका रशियन गोदीत बांधलेली, पण तिची गॅस टर्बाइने युक्रेनमधील मिकोलायव्हची, ती भारताने स्वतः खरेदी करून गोदीकडे पोहोचविली. रशियाचे मोस्क्वा हे जंगी जहाज एप्रिल २०२२ मध्ये बुडविणारी नेपच्यून क्षेपणास्त्रे युक्रेनचीच होती. पुढे सागरी ड्रोनांच्या बळावर, स्वतःचे म्हणण्यासारखे आरमार नसता, त्याने रशियन नौदल काळ्या समुद्राच्या पश्चिम भागातून हुसकून धान्याची वाट मोकळी केली. २०२४ मध्ये तेथे १० लाखांहून अधिक ड्रोन बनले. १ जून २०२५ रोजी मालमोटारींत लपवून नेलेल्या ड्रोनांनी सैबेरियातील इर्कुत्स्कपर्यंतच्या तळांवरील बाँबफेकी विमाने जाळली; त्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागली नाही. पण शहरांवर येणारी रशियन क्षेपणास्त्रे पाडणारे पेट्रियट घरी बनत नव्हते. जुलै २०२५ पासून अमेरिकेने ती देण्याऐवजी विकावयास घेतली आणि मोल युरोपने भरावयाचे असे ठरले.

डिसेंबर २०२५ च्या आरंभी रशियाने पोक्रोव्स्क घेतल्याचे जाहीर केले; युक्रेनने ते नाकारले. अव्दीव्कापासून हे अंतर ५० किलोमीटरही नाही, आणि ते कापावयास रशियाला पावणेदोन वर्षे लागली होती. त्याच महिन्यात ब्रुसेल्स येथे युरोपचे नेते रात्रभर बसले. रशियाचे सुमारे २१० अब्ज युरो युरोपात गोठवून ठेवलेले होते. ते युक्रेनसाठी वापरण्यास बेल्जियम कबूल होईना, म्हणून १९ तारखेच्या पहाटे संघाने स्वतःच्या पतीवर ९० अब्ज युरोचे कर्ज काढून २०२६ आणि २०२७ या दोन वर्षांसाठी युक्रेनला द्यावयाचे ठरविले. फेडीची अट अशी घातली की, रशियाकडून युद्धाची नुकसानभरपाई हाती आली तरच युक्रेनने ते परत करावयाचे.