अंजिराच्या पानातला मासा

मासा आणि हंगामी भाज्या एकाच ट्रेमध्ये मांडाव्यात, थोडे तेल-मीठ लावावे आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवावा. कामावरून थकून आल्यावर रात्रीचा हा बेत आपल्याला अगदी आजचा वाटतो. परंतु चांगल्या माशाला भाजताना फारसे काही लावू नये, हे मत किमान तेवीसशे वर्षांचे आहे. आजचा धागा ते मांडणाऱ्या माणसाविषयी.

त्याचे नाव आर्केस्ट्रॅटस. सिसिली बेटावरील गेला या ग्रीक नगरीचा हा रहिवासी इ.स.पू. चौथ्या शतकात होऊन गेला. होमरच्या महाकाव्यांचे भारदस्त वृत्त घेऊन त्याने चक्क खाण्यावर काव्य रचले : कोणता मासा, कोणत्या बंदरात, कोणत्या ऋतूत घ्यावा. मूळ ग्रंथ नष्ट झाला. इ.स. २०० च्या सुमारास अथेनियस या लेखकाने आपल्या ग्रंथात त्यातली अवतरणे दिली, म्हणून साठेक तुकडे तरी आपल्या हाती आहेत.

त्यांतला एक तुकडा बोनिटो माशाचा आहे. हा मासा आपल्या सुरमई-बांगड्याच्याच कुळातला. कवी सांगतो, शरदात कृत्तिका मावळू लागल्या की तो घ्यावा, आणि शक्यतो बायझँटियमचा, म्हणजे आजच्या इस्तंबूलचा. हा काळ नेमका आहे, कारण त्याच सुमारास या माशांचे थवे काळ्या समुद्रातून बॉस्पोरसमार्गे खाली उतरतात. मग मासा अंजिराच्या पानांत, किंचित ओरेगानो घालून गुंडाळायचा, बांधायचा आणि तप्त राखेत पुरायचा. करपू द्यायचा नाही, एवढेच. (केळीच्या पानातला मासा आठवला ना? मला तरी आठवला. पण साम्य म्हणजे उसनवारी नव्हे.)

चीजला येथे सक्त मज्जाव आहे. दुसऱ्या एका माशाविषयी लिहिताना तर तो सिराक्यूजच्या आचाऱ्यांना जवळ फिरकू देऊ नका, असे बजावतो; ते चीज आणि सिरका ओतून चांगल्या माशाचा नाश करतात म्हणून. सिराक्यूज हे सिसिलीतलेच, म्हणजे हे भांडण शेजाऱ्यांचे! मात्र पाकटासारख्या माशाला त्याला चीज चालते. साधेपणाचा मान फक्त उत्तम माशाला.

येथेच खरी गोम आहे. ग्रीक जगात मांस बहुधा यज्ञबळीचे असे आणि त्याचे वाटे होत. मासा सहसा बळी दिला जात नसे. तो बाजारातून विकत घ्यायचा, ज्याच्या थैलीत नाणी त्याने. त्यामुळे महागडी मासळी हे चैनीचे उघड चिन्ह ठरले. इ.स.पू. ३४३ मध्ये डेमॉस्थेनिसने अथेन्सच्या न्यायालयात फिलोक्रेटिसवर ठपका ठेवला, तो मॅसिडोनियाकडून मिळालेले सोने वेश्या आणि मासे यांवर उधळल्याचा. लाचखोरीचे वर्णन करताना माशाचे नाव पुरेसे बोलके होते.

आता ट्रेमधल्या भाज्यांकडे वळू. बटाटा, टोमॅटो आणि ढोबळी मिरची आर्केस्ट्रॅटसला ठाऊक असणे शक्यच नव्हते. त्या १४९२ नंतर अमेरिकेतून युरोपात आल्या. पण साध्या शाकाहाराबद्दल त्याला विशेष प्रेम होते असेही नाही. मद्यासोबत उकडलेले हरभरे, सफरचंदे आणि सुकी अंजिरे वाढणे हे त्याच्या लेखी दारिद्र्याचे लक्षण होते. ज्या झाडाच्या पानात तो बोनिटो गुंडाळत असे, त्याच झाडाचे हे फळ.