तीस टक्के कोणी ठरवले? मोबाइलच्या बंद दाराचा इतिहास

आयफोनवरच्या ॲपमधून ३०० रुपयांची टॅक्सी बोलावली, तर त्या व्यवहारात ॲपलला एक पैसाही मिळत नाही. त्याच फोनवर, त्याच स्टोअरमधून घेतलेल्या दुसऱ्या ॲपमध्ये ३०० रुपयांचे ई-पुस्तक विकत घेतले, तर ठरलेल्या ३० टक्के दराने ९० रुपये ॲपलचे. दोन्ही ॲप्स एकाच तपासणीतून गेली, एकाच स्टोअरमध्ये ठेवली गेली. मग टॅक्सीवाल्याला माफी आणि पुस्तकवाल्याला वसुली, हे कसे?

कंपन्या सांगतात, ही फी सेवेचा मोबदला आहे. मोबदला असता तर दोघांना सारखा लागला असता. जिथे वसूल करता येते तिथे केली, एवढाच याचा अर्थ. शेतमालाच्या बाजारात ज्याला आपण आडत म्हणतो, तिचाच हा नवा अवतार आहे. म्हणून ३० टक्के जास्त की कमी, या चर्चेत मला फारसा रस नाही. ही फी ठरवण्याचा अधिकार आला कुठून, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर इतिहासात सापडते.

"हा आयटीवाल्यांचा विषय, चळवळीला त्याचे काय?" असे काही मित्र विचारतात. आपली पुस्तके, स्पर्धा परीक्षांचे रेकॉर्ड केलेले वर्ग, युट्यूब चॅनेल, वर्गणी, मोर्चाचे निरोप, सगळे आज फोनवरून चालते. ज्या रस्त्यावरून आपण रोज जातो, त्या रस्त्याचा मालक कोण हे विचारायलाच हवे.

टेलिफोन कोणाचा?

बंद यंत्रणेचा वाद मोबाइलच्या खूप आधीचा आहे. अमेरिकेत विसाव्या शतकात टेलिफोनवर एटी अँड टी या एकाच कंपनीचे राज्य होते. तारा तिच्या, यंत्रणा तिची आणि घरातला फोनसुद्धा तिचाच, भाड्याने दिलेला. त्या फोनला बाहेरची कोणतीही वस्तू जोडायला तिची बंदी होती.

हश-अ-फोन नावाचे एक साधे साधन होते. बोलण्याच्या जागी बसवायची एक वाटी. बोलणे शेजारच्याला ऐकू जाऊ नये, इतकाच तिचा उपयोग. वीज नाही, तार नाही. तरीही यामुळे टेलिफोन सेवेला धोका आहे असा दावा कंपनीने केला आणि १९५५ मध्ये सरकारी नियामकाने तो मान्यही केला. १९५६ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. इतरांचे नुकसान होत नसेल, तर आपला फोन आपल्या सोयीने वापरण्याचा हक्क ग्राहकाला आहे, हे तत्त्व त्यातून पुढे आले.

त्यानंतर टेक्सासमधल्या थॉमस कार्टर यांचे कार्टरफोन आले. दूर रानात तेलविहिरींवर काम करणाऱ्यांच्या वायरलेस संचाला टेलिफोनशी जोडून देणारे हे यंत्र. १९६८ मध्ये नियामकाने कार्टर यांच्या बाजूने निकाल दिला. बाहेरची यंत्रे जोडू द्या, सरसकट बंदी बेकायदा आहे, असा त्याचा आशय.

गोष्ट इथे संपली असती तर छान झाले असते. पण हरलेल्या कंपनीने नवा नियम काढला. बाहेरचे यंत्र जोडा, पण मध्ये आमचे संरक्षक उपकरण बसवा आणि त्याचे भाडे आम्हाला द्या. म्हणजे दार उघडले आणि दारात नाका बसवला. हा नाका हटायला पुढची जवळजवळ दहा वर्षे गेली. सत्तरच्या दशकात नियामकाने स्वतः तांत्रिक मानके ठरवली. मानक पाळणारे यंत्र कोणाचेही असो, ते थेट जोडता येईल अशी नोंदणी पद्धत आली. त्यानंतर आन्सरिंग मशीन, फॅक्स आणि मोडेम घरोघरी पोचले. सामान्य घरात इंटरनेट पहिल्यांदा आले ते याच मोडेमवरून. टेलिफोनची यंत्रणा मात्र कोसळली नाही.

या इतिहासातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. सुरक्षेचे कारण पुढे करून मक्तेदारी राखली गेली. निकालानंतर फी दुसऱ्या नावाने परत आली. आणि सुरक्षेची खरी सोय मालकाच्या मर्जीने झाली नाही, ती सर्वांना लागू असलेल्या मानकाने झाली.

नऊ टक्के ते तीस टक्के

मोबाइलवर मजकूर विकण्याचा मोठा प्रयोग जपानमध्ये झाला. फेब्रुवारी १९९९ मध्ये एनटीटी डोकोमो या कंपनीने आय-मोड सुरू केले. बातम्या, खेळ, रिंगटोन यांचे पैसे ग्राहकाच्या फोनबिलातून वसूल करून ती ते मजकूर पुरवणाऱ्याला देई आणि स्वतःकडे ९ टक्के ठेवी. तिच्या अधिकृत यादीत नसलेल्या साइटही पत्ता टाकून उघडता येत. नऊ टक्के घेऊनही ती सेवा लोकप्रिय झाली. म्हणजे ३० हा आकडा काही निसर्गनियम नाही.

आपल्याकडे त्याच सुमारास उलटे चित्र होते. कॉलर ट्यून, रिंगटोन, एसएमएस स्पर्धा यांच्या पैशांतला मोठा वाटा मोबाइल कंपन्याच घेत. गाणे करणाऱ्याच्या हाती उरेल ते.

या पार्श्वभूमीवर १० जुलै २००८ रोजी ॲपलचे ॲप स्टोअर सुरू झाले. सुरुवातीला ५०० ॲप्स होती. विक्रीतले ७० टक्के ॲप करणाऱ्याचे आणि ३० टक्के ॲपलचे. तेव्हाच्या मोबाइल कंपन्यांच्या तुलनेत हा सौदा बरा वाटला, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. एका खोलीत बसून ॲप करणारा मुलगा जगभर विक्री करू शकत होता. त्याच वर्षी गूगलचे अँड्रॉइड मार्केट आले आणि पुढे तिथेही ३० टक्केच ठरले.

आधी ही फी ॲपच्या विक्रीवर होती. २००९ मध्ये ॲपच्या आतल्या खरेदीची सोय आली आणि २०११ मध्ये वर्गणीही याच जाळ्यात आली. वाचक तुमचा, मजकूर तुमचा, दर महिन्याची वर्गणी मात्र त्यांच्या गल्ल्यातून. शिवाय "आमच्या वेबसाइटवर हेच स्वस्त मिळते" असे ॲपमध्ये लिहायलाही मनाई. दुकानदाराने गिऱ्हाइकाला शेजारच्या दुकानातला भाव कळू न देण्याचा हा प्रकार आहे.

पुढे खटल्यात बाहेर आलेला एक ईमेल बोलका आहे. ॲपलचे वरिष्ठ अधिकारी फिल शिलर यांनी २०११ मध्येच विचारले होते की, स्टोअरचा वार्षिक नफा एक अब्ज डॉलरच्या वर गेला की हा दर २५ किंवा २० टक्क्यांवर आणता येईल का? कमी करता येतो हे कंपनीच्या आत माहीत होते. पण छोट्यांसाठी १५ टक्के दर आला तो २०२१ मध्ये, जेव्हा दोन्ही कंपन्या चौकशा आणि खटल्यांनी वेढल्या गेल्या होत्या. दर कमी झाला तो दबावामुळे.

त्यांची बाजू

विरोधकाचा युक्तिवाद पूर्ण ऐकून मगच खोडावा. कंपन्यांचे तीन मुद्दे आहेत. बहुतेक ॲप्स फुकट आहेत आणि ती काहीच फी देत नाहीत. स्टोअर उभारायला, तपासणीला, पैशांच्या व्यवहाराला खर्च येतो. आणि दार उघडे ठेवले तर लबाड आत शिरतील.

पहिला मुद्दा खरा आहे, पण त्याचा अर्थ असा की सगळ्यांच्या खर्चाचा भार मजकूर आणि खेळ विकणाऱ्यांवर टाकला आहे. अब्जावधींची टॅक्सी कंपनी मोकळी आणि अभ्यासाचे ॲप विकणारा बांधलेला, हे कोणत्या न्यायात बसते? दुसरा मुद्दाही मान्य. खर्च घ्या, पण हिशोब दाखवा. पैशांचा व्यवहार करून देणाऱ्या इतर कंपन्या दोन-तीन टक्क्यांत ते काम करतात. तिसऱ्या मुद्द्याला आपल्याच देशातले उत्तर आहे. गोरगरिबांना छळणारी, फोटो पसरवण्याची धमकी देणारी कितीतरी कर्जाची ॲप्स याच अधिकृत प्ले स्टोअरवर होती. शेकडो ॲप्स नंतर काढावी लागली, तोवर लोक नाडले गेले होते. दारावर पहारेकरी होता, फीही घेत होता. आणि ॲपलच्याच मॅक संगणकावर कुठूनही सॉफ्टवेअर घेता येते. तिथे चालते ते फोनवर का चालू नये?

खटले आणि नवे नाके

१३ ऑगस्ट २०२० रोजी एपिक गेम्सने आपल्या खेळात स्वतःची पैसे घेण्याची सोय टाकली. ॲपल आणि गूगल दोघांनी खेळ काढून टाकला आणि खटले सुरू झाले. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकी न्यायालयाने केंद्रीय कायद्याखाली ॲपलला मक्तेदार ठरवायला नकार दिला. पण ग्राहकाला बाहेरचा पर्याय सांगण्यावरची बंदी उठवायला सांगितले. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपिले ऐकण्यास नकार दिला आणि आदेश लागू झाला. मग ॲपलने काय केले? बाहेरची लिंक द्या, पण तिथल्या विक्रीवरही २७ टक्के द्या, असा नियम काढला. एटी अँड टीचे ते भाड्याचे उपकरण आठवते ना? एप्रिल २०२५ मध्ये न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी हा आदेशाचा जाणूनबुजून केलेला भंग ठरवला.

भारतात फोन म्हणजे बहुतांशी अँड्रॉइड. २०१८ मध्ये अँड्रॉइडविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली ती कोणा उद्योगपतीने नव्हे, तर तीन तरुण अभ्यासकांनी. तरुण मित्रांनी हे विशेष लक्षात घ्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने गूगलला त्या प्रकरणात १,३३७.७६ कोटी आणि प्ले स्टोअरच्या बिलिंगसाठी ९३६.४४ कोटी रुपये दंड केला. वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. पुढचे मथळे मात्र लहान होते. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने पहिला दंड कायम ठेवला, पण दुसऱ्यांची ॲप स्टोअर्स प्ले स्टोअरमध्ये येऊ देण्यासारखे काही महत्त्वाचे निर्देश रद्द केले. मार्च २०२५ मध्ये दुसरा दंड २१६.६९ कोटींवर आला. दरम्यान गूगलने पर्यायी बिलिंग दिले, फी फक्त ४ टक्क्यांनी कमी करून. म्हणजे ३० च्या जागी २६. वर दुसऱ्या बिलिंगचा खर्च आपला.

१ मार्च २०२४ रोजी गूगलने दहा भारतीय कंपन्यांची ॲप्स फीच्या वादातून काढली. त्यांत लग्न जुळवणाऱ्या साइटही होत्या. केंद्रीय मंत्र्यांनी बैठक घेतली आणि काही दिवसांत ॲप्स परत आली. जातवार स्थळे दाखवणाऱ्या कंपन्यांबद्दल मला काडीचेही ममत्व नाही. हे हत्तींचे भांडण आहे, हेही खरे. पण मोठ्या कंपनीसाठी मंत्री धावून आले. उद्या एखाद्या तालुक्याच्या गावातल्या मुलीचे ॲप काढले गेले, तर तिच्यासाठी कोण बैठक घेणार?

फीपेक्षा मोठे दार

ऑक्टोबर २०१९ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनात पोलिसांच्या हालचाली नकाशावर दाखवणारे ॲप ॲपलने काढले. सप्टेंबर २०२१ मध्ये रशियात निवडणुकीच्या दिवशी विरोधकांचे मतदान मार्गदर्शक ॲप दोन्ही कंपन्यांनी काढले. दोन्ही वेळी मागे सत्तेचा दबाव होता. हजारो कार्यकर्त्यांना थांबवणे सत्तेला अवघड जाते. एका कंपनीला फोन करणे सोपे. ज्या दारातून फी वसूल होते, त्याच दारातून आवाजही बंद करता येतो.

आर्थिक सत्ता खाजगी हातात असली तरी ती सत्ताच असते आणि तिच्यावर घटनेचा लगाम हवा, हा विचार बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात मांडला होता. दुर्बळाला सरकारइतकेच संरक्षण मालकापासूनही हवे असते. ॲप स्टोअर नियम करते, कर घेते, शिक्षा देते आणि अपीलही स्वतःच ऐकते. याला दुकान म्हणायचे की राज्य?

दक्षिण कोरियाने ऑगस्ट २०२१ मध्ये, जगात सर्वप्रथम, स्वतःचेच बिलिंग सक्तीने वापरायला लावण्यावर कायद्याने बंदी आणली. युरोपीय संघाचा कायदा मार्च २०२४ पासून बड्या कंपन्यांना लागू झाला आणि तिथे आयफोनवर दुसरी स्टोअर्स आली. भारतात डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला, पण तो कायदा झालेला नाही.

आपण मागायचे ते एवढेच. फी घ्या, पण प्रत्यक्ष सेवेच्या हिशोबाने. ग्राहकाला दुसरा भाव सांगण्याचा हक्क द्या. फोन विकत घेणाऱ्याला दुसऱ्या ठिकाणाहून ॲप घेऊ द्या. सुरक्षेचे मानक कंपनीने नाही, स्वतंत्र यंत्रणेने ठरवावे. आणि ॲप काढण्याआधी लेखी कारण, मुदत आणि त्रयस्थाकडे दाद मागण्याची सोय हवी.

दुसरा रस्ता उपलब्ध असताना घेतलेली फी हा व्यवहार असतो. सगळे रस्ते बंद करून घेतलेली फी ही खंडणी असते. आणि १९६८ नंतरचा अनुभव सांगतो की निकालाच्या दिवशी पेढे वाटून चालत नाही. दुसऱ्या दिवशी दारात नवा नाका बसला आहे का, हे बघायला जावेच लागते.