जुन्या पैठणीची नवी विणकाम-परंपरा

भोकरदन म्हणजे सातवाहनकाळातील भोगवर्धन. पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरील या नगरातील दात्यांची नावे सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर कोरलेली आहेत. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक प्रवासग्रंथ पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगतो. त्यात पैठणच्या नावावर अकीक आहे आणि तलम कापड तगरच्या, म्हणजे आजच्या तेरच्या नावावर. त्या काळचे कापड हाती उरलेले नाही. त्याची कल्पना अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील पट्टेदार आणि हंसांची नक्षी असलेल्या वस्त्रांवरूनच करावी लागते.

पैठणीचे मात्र तसे नाही. पेशवाईतील आणि निजामी अमलातील पैठण्या घराघरांत आणि संग्रहालयांत जपलेल्या आहेत. त्यामुळे जुना नमुना समोर ठेवून पुन्हा विणणे शक्य होते. पैठण येथे राज्य शासनाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या केंद्रात आणि येवल्याच्या विणकरांच्या घरांत हे काम चालते. इतिहासकार रा. श्री. मोरवंचीकर यांनी 1993 साली पैठणीवर स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ लिहून या कापडाचा इतिहास एकत्र मांडला.

जुना पदर पुन्हा विणायचा तर आधी तो वाचावा लागतो. एका इंचात ताण्याचे उभे आणि बाण्याचे आडवे धागे किती, हे भिंगाखाली मोजतात आणि नक्षी चौकटींच्या कागदावर उतरवतात. मग खरे काम मागावर सुरू होते. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो. त्याच्यासमोर प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. असावलीची, म्हणजे फुलवेलीच्या नक्षीची, एक पाकळी विणताना लाल धागा पाकळीच्या कडेपर्यंतच जातो. तेथे तो शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो. पुढच्या ओळीत पुन्हा तसेच. रंग बदलेल तिथे ही अडकवण हाताने करावी लागते, म्हणून भरगच्च पदराच्या साडीला महिनोन्‌महिने लागतात. याच पद्धतीमुळे पैठणीची उलट-सुलट बाजू जवळपास सारखी दिसते. छिद्रांच्या पुठ्ठ्यांनी नक्षी उठवणाऱ्या जॅकार्डवर विणलेल्या साडीच्या मागे धागे लोंबतात किंवा कापलेले असतात. अशी साडी नक्षीने हुबेहूब असली, तरी तिला जुन्या पैठणीची पुनर्निर्मिती म्हणणे चुकीचे आहे. पुनर्निर्मिती कृतीची व्हायला हवी.

काठाचेही असेच. अंगाचा रंग वेगळा आणि दोन्ही काठ वेगळे असतील, तर कडियाल पद्धतीत तीन धोटे चालतात आणि काठाच्या सांध्यावर धागे एकमेकांत गुंततात. ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा घेतला, की धूपछांव साधते. जर सुरतेहून येते. जुन्या जरीत चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असे. आजच्या स्वस्त जरीत तसे नसल्याने रंग आणि वजन दोन्ही बदलतात. वनस्पतिजन्य रंगांची जागा रासायनिक रंगांनी घेतल्यामुळे जुन्या पदराची नेमकी छटा मिळवणे ही वेगळीच परीक्षा असते.

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, हिमरूचे नशीब तितके चांगले नाही. ताण्याला सूत आणि बाण्याला रेशीम घेऊन विणलेल्या या कापडाची परंपरा महंमद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला आणल्याच्या घटनेशी जोडली जाते. जुन्या मागावर वर बांधलेल्या दोऱ्या एक साहाय्यक क्रमाने ओढी आणि त्याप्रमाणे विणकर बाणा टाकी. नक्षी त्या दोऱ्यांच्या गाठींत साठवलेली असे. जॅकार्डच्या छिद्रांच्या पुठ्ठ्यांनी दोऱ्या ओढणाऱ्याची गरज संपवली. त्यामुळे जुना हिमरू त्याच्या मूळ रीतीने विणायचा तर कापडाच्या तुकड्यासोबत तो माग आणि त्या गाठी बांधणारे हातही नव्याने घडवावे लागतात.

पैठणीला 2010 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यामुळे ‘पैठणी’ या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले, तरी बाजारात यंत्रमागावरच्या साड्या त्याच नावाने विकल्या जातात. ग्राहकाने पदर उलटून पाहिला, तर फरक तिथल्या तिथे कळतो.